मानसिक आरोग्याची टीम ट्रेन करायची म्हणजे नक्की काय करायचं? पहिल्या दिवसापासून वर्षभरापर्यंत, पायरी-पायरीने

दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं, स्लाइड्स होतात, सर्टिफिकेटं वाटली जातात, ग्रुप फोटो निघतो आणि सोमवारी सगळे आपापल्या खुर्चीत परत जाऊन आधी जे करत होते तेच करायला लागतात. नर्स नैराश्याची प्रश्नावली भरून घेते आणि फाइलला लावते, डॉक्टर ती फाइल उघडतात पण त्या पानापर्यंत पोचत नाहीत, समुपदेशक आपल्या खोलीत वाट बघत बसते, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तो माणूस एकच गोष्ट तीन जणांना तीन वेळा सांगून चौथ्या वेळी यायचाच बंद होतो. यातला प्रत्येक जण आपल्या कामात हुशार असतो बरं का, फक्त ते एकत्र काम करायला कधी शिकलेले नसतात.

मी हे ट्रेनिंग घेणाऱ्यांच्या बाजूनेही पाहिलंय आणि देणाऱ्यांच्याही, आणि माझं मत आता पक्कं झालंय की वर्कशॉप हा ट्रेनिंगचा सगळ्यात छोटा भाग आहे. खरं ट्रेनिंग वर्कशॉपनंतरच्या सहा महिन्यांत होतं, ते पण कामाच्या जागी, खऱ्या केसवर. त्यामुळे खाली वर्कशॉपबद्दल कमी आणि बाकीच्याबद्दल जास्त लिहिलंय. मानसिक आरोग्य आणि व्यसन या दोन्हींवर काम करणाऱ्या, म्हणजे हल्ली ज्याला बिहेवियरल हेल्थ म्हणतात त्या टीमसाठी हे आहे, आणि विशेषतः जिथे ही टीम नेहमीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सच्या सोबत बसून काम करणार आहे तिथल्यासाठी.

टीमने काम केल्याने खरंच फरक पडतो का, हे वरिष्ठ विचारणारच, म्हणून एक आकडा जवळ ठेवा. अमेरिकेत इम्पॅक्ट नावाची ट्रायल (दोन प्रकारच्या उपचारांची तुलना करणारा अभ्यास) झाली, २००२ मध्ये छापून आली, ६० वर्षांवरचे १,८०१ लोक, १८ दवाखाने. केअर मॅनेजर (पेशंटचा पाठपुरावा करणारी व्यक्ती), नेहमीचा डॉक्टर आणि सल्ला देणारा मानसोपचारतज्ज्ञ अशी टीम ज्यांना मिळाली त्यांच्यापैकी ४५ टक्के लोकांची नैराश्याची लक्षणं वर्षभरात निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. पुढे २०१२ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेने अशा ७९ ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या, नैराश्य आणि चिंता दोन्हींत टीमची पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस निघाली. म्हणजे पद्धत चालते, आता ती चालवणारी माणसं कशी तयार करायची ते बघू.

पायरी १: ट्रेनिंगच्या आधी एका पेशंटच्या मागे चाला

अक्षरशः चाला. एक माणूस दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत कोणाकोणाला भेटतो, कुठे किती वेळ बसतो, कोण काय विचारतं, काय कुठे लिहिलं जातं, आणि तो लिहिलेला कागद पुढे कोण वाचतं, हे एका मोठ्या कागदावर काढा. दोन-तीन वेगवेगळ्या पेशंटसाठी काढा. एक नैराश्याचा, एक दारूचा, एक शुगर-बीपीचा ज्याला कोणी अजून मनाबद्दल काही विचारलेलंच नाही.

याचा फायदा असा की ट्रेनिंगमध्ये काय शिकवायचं ते आपोआप समोर येतं. बऱ्याच ठिकाणी माझ्या लक्षात आलंय की लोकांना प्रश्नावली कशी भरायची ते येतं, अडतं ते स्कोअर आल्यावर पुढच्या पाच मिनिटांत कोणी उठून कुठे जायचं यावर, आणि त्यावर तीन तासांचं नैराश्याचं लेक्चर देऊन काही उपयोग नाही.

हा नकाशा टीमबरोबर बसून काढा, एकट्याने ऑफिसात नको. रिसेप्शनवर बसणाऱ्यांना पण बोलवा, त्यांना जे दिसतं ते डॉक्टरांना दिसत नाही, कोण रडत बसलंय, कोण नंबर यायच्या आधीच निघून गेलं वगैरे.

पायरी २: कोण काय करणार ते भांडून ठरवा

भांडून म्हणते कारण इथे भांडण झालं नाही तर ते नंतर पेशंटसमोर होतं. नर्सला वाटतं समुपदेशन आपणही करतो की, समुपदेशकाला वाटतं औषधांबद्दल विचारणं आपलं काम नाही, मानसोपचारतज्ज्ञांना वाटतं पेशंट न बघता सल्ला कसा द्यायचा. ही सगळी भीती खरी आहे, ती टेबलावर येऊ द्या.

साधारण अशी वाटणी चालते: नेहमीचा डॉक्टर निदान आणि औषधं बघतो, केअर मॅनेजर (नर्स, सोशल वर्कर किंवा समुपदेशक कोणीही असू शकतं) पेशंटच्या संपर्कात राहते, फॉलो-अपचे फोन करते, स्कोअर घेते, छोटे उपचार देते, आणि मानसोपचारतज्ज्ञ दर आठवड्याला तिच्याबरोबर बसून सगळ्या केसेस चाळतो आणि डॉक्टरला सल्ला देतो, बहुतेक पेशंट तो स्वतः पाहतही नाही. दुसरी एक पद्धत आहे ज्यात मानसशास्त्रज्ञ दवाखान्यातच बसतो आणि डॉक्टरने पाठवलेल्याला १५ ते ३० मिनिटांत त्याच दिवशी भेटतो. कुठली घ्यायची ते तुमच्याकडे माणसं कोण आहेत त्यावर. पण एक ठरवा, दोन्हींची खिचडी करून सुरुवात केली तर ट्रेनिंगच गोंधळलेलं होतं.

मग प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा आणि एक बदली नाव. "टीम बघेल" असं कुठेही लिहू नका, टीम बघेल म्हणजे कोणीच बघणार नाही.

पायरी ३: माणसं निवडणं

यावर थोडक्यातच. केअर मॅनेजर म्हणून डिग्रीपेक्षा स्वभाव बघा: मधेच कोणी दार वाजवलं तर चिडत नाही, फोनवर बोलायला लाजत नाही, यादी सांभाळते, आणि मोठ्या डॉक्टरला "सर, हा पेशंट बरा होत नाहीये" असं सांगायला कचरत नाही. शांत खोलीत ५० मिनिटांचं सेशन घ्यायची सवय असलेले काही उत्तम समुपदेशक या कामात दुःखी होतात, त्यांना आधीच दोन दिवस बसून बघू द्या. स्वतः या आजारातून किंवा व्यसनातून सावरलेली माणसं, ज्यांना पीअर वर्कर म्हणतात, त्यांना घेणार असाल तर त्यांना ट्रेनिंग, पगार आणि मीटिंगमध्ये खुर्ची, तिन्ही द्या, शोभेला ठेवू नका.

आणि डिग्री नाही म्हणून कोणाला कमी लेखू नका. झिम्बाब्वेमध्ये हरारेत फ्रेंडशिप बेंच म्हणून जे काम चालतं त्यात दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून साध्या आरोग्य सेविका अडचणी सोडवायच्या पद्धतीचं समुपदेशन करतात, २४ दवाखान्यांतली त्याची ट्रायल २०१६ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये आली आणि निकाल चांगले होते. पण त्या सेविकांच्या पाठीमागे ट्रेनिंग आणि सुपरव्हिजन (अनुभवी माणसाने नियमित त्यांचं काम बघून मार्गदर्शन करणं) होतं हे लोक सांगताना विसरतात.

पायरी ४: सगळ्यांना यायलाच हव्या अशा पाच गोष्टी

इथे डॉक्टर, नर्स, समुपदेशक, रिसेप्शन सगळे एकाच खोलीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाची जी व्याख्या केली त्याचा मतलब हाच आहे, की वेगवेगळ्या पेशातले लोक एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांबरोबर शिकतात. वेगवेगळ्या बॅचेस केल्या की पहिलं जेमतेम होतं आणि पुढची दोन्ही राहतात.

पहिली गोष्ट, स्कोअर वाचता येणं. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत नऊ प्रश्न, एकूण ० ते २७, आणि ५, १०, १५, २० हे टप्पे म्हणजे सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र, तीव्र. चिंतेच्या जीएडी-७ ला ० ते २१, टप्पे ५, १०, १५. दारूसाठी ऑडिट नावाची प्रश्नावली, दहा प्रश्न, ८ किंवा जास्त आलं की थांबून बोलायचं. हे पाठ करायला फार तर तासभर लागतो. खरी गोष्ट ही की स्कोअर म्हणजे निदान नव्हे, तो फक्त दार वाजवतो, आणि पीएचक्यूचा नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे, त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर त्याच दिवशी, तो माणूस घरी जायच्या आधी, कोणीतरी त्याच्याशी बोललंच पाहिजे. एकूण स्कोअर ४ असला तरी.

दुसरी, आत्महत्येबद्दल सरळ विचारता येणं. विचारल्याने डोक्यात विचार घातला जातो ही समजूत चुकीची आहे हे सांगून पुरत नाही, तोंडातून ते वाक्य निघेपर्यंत प्रत्येकाकडून म्हणवून घ्या. "जगणं नको असं वाटतं का? स्वतःला संपवायचा विचार मनात येतो का?" पहिल्यांदा म्हणताना लोक हसतात, अडखळतात, खाली बघतात. दहाव्यांदा नीट म्हणतात.

तिसरी, ऐकायची पद्धत. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचा, म्हणजे बदलायची इच्छा माणसाच्या स्वतःच्याच बोलण्यातून बाहेर काढायच्या पद्धतीचा, पूर्ण कोर्स सगळ्यांना लागत नाही, पण उपदेश न करता विचारणं, समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगणं आणि "मग तुम्हाला काय वाटतं?" विचारून गप्प बसणं एवढं तरी. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, डॉक्टरांना तर फारच.

चौथी, शरीर आणि मन एकमेकांत कसं गुंतलंय. समुपदेशकाला माहीत हवं की थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ ची कमतरता यातून नैराश्यासारखंच दिसू शकतं, नैराश्याच्या गोळ्यांचा फरक जाणवायला काही आठवडे जातात, काही मानसिक आजारांच्या औषधांनी वजन आणि शुगर वाढते, लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्याची रक्ततपासणी वेळेवर व्हावी लागते. आणि डॉक्टर-नर्सना माहीत हवं की शुगर ताब्यात न येणाऱ्या माणसाला "पथ्य पाळत नाही" म्हणायच्या आधी त्याला नैराश्य आहे का ते बघायचं. २०१० मध्ये न्यू इंग्लंड या मेडिकल जर्नलमध्ये एक ट्रायल आली होती, नैराश्य आणि सोबत बिघडलेला मधुमेह किंवा हृदयविकार असलेले २१४ लोक, नर्सने दोन्हींचा एकत्र पाठपुरावा केला तर मूडही सुधारला आणि शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलही.

पाचवी, कोणाला काय सांगायचं आणि काय नाही. टीममध्ये माहिती वाटायची म्हणजे सगळ्यांनी सगळं वाचायचं असं नाही, पेशंटला पहिल्याच भेटीत सांगायचं की आम्ही टीम म्हणून काम करतो, उपचारासाठी लागेल तेवढंच एकमेकांना सांगतो, आणि जिवाला धोका वाटला तर काय करू. कॉरिडॉरमध्ये नाव घेऊन बोलायचं नाही. तुमच्याकडचे कायदे वेगळे असतील ते जोडून घ्या.

पायरी ५: ज्याच्या त्याच्या कामाचं वेगळं ट्रेनिंग

केअर मॅनेजरला सगळ्यात जास्त द्या. तिला बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन यायला हवं, म्हणजे नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो त्या छोट्या-छोट्या गोष्टी ठरवून परत सुरू करून देणं. हे शिकायला तुलनेने सोपं आहे आणि भरपूर कामाला येतं. सोबत अडचण सोडवायच्या पायऱ्या, झोपेच्या सवयी, औषधं का सोडली हे न रागावता विचारणं, आणि रजिस्टर, म्हणजे सगळ्या पेशंटची यादी, सांभाळणं.

डॉक्टरांना लांब लेक्चर देऊ नका, ते बसत नाहीत आणि बसले तरी फोन बघतात. त्यांना २०-२० मिनिटांचे तुकडे द्या, एका वेळी एकच: औषध कधी सुरू करायचं, डोस कधी वाढवायचा, कधी बदलायचं, बायपोलर (मूड कधी खूप चढतो, कधी खूप उतरतो तो आजार) आहे का हे विचारल्याशिवाय नैराश्याची गोळी का सुरू करायची नाही. जमलं तर हे दुसऱ्या डॉक्टरकडूनच शिकवून घ्या.

मानसोपचारतज्ज्ञांचं ट्रेनिंग लोक पूर्णच विसरतात. त्यांना वाटतं आपल्याला काय शिकायचंय. पण पेशंट समोर नसताना, केअर मॅनेजरच्या तीन मिनिटांच्या रिपोर्टवरून, अपुऱ्या माहितीत सल्ला देणं, तो डॉक्टरला लगेच करता येईल अशा एका ओळीत लिहिणं आणि तो देताना केअर मॅनेजरला ओशाळवाणं न करणं, हे वेगळंच कौशल्य आहे आणि कुठल्याही कॉलेजात ते फारसं शिकवत नाहीत.

पायरी ६: टीमचे चार प्रसंग, पुन्हा पुन्हा

टीमवर्क हा विषय शिकवू नका, प्रसंग शिकवा. अमेरिकेत आरोग्य विभागाने आणि तिथल्या संरक्षण खात्याने मिळून २००६ मध्ये टीमस्टेप्स नावाचा कार्यक्रम बाहेर आणला त्यात भरपूर साधनं आहेत, पण सगळं एकदम घेतलं तर अजीर्ण होतं. माझ्या मते हे चार प्रसंग पुरेसे आहेत.

*हातात हात देऊन सोपवणं.* डॉक्टरने चिठ्ठी लिहून "समुपदेशकाला भेटा" म्हटलं की बरेच लोक भेटतच नाहीत. त्याऐवजी डॉक्टर स्वतः ओळख करून देतात: "तुम्ही झोपेचं जे सांगितलंत ना, त्यात मदत करणाऱ्या आमच्याच टीममधल्या या ताई, मी आणि त्या मिळून तुमचं बघतो, आत्ता पाच मिनिटं बोलाल का?" मग पेशंटसमोरच दोन वाक्यांत ताईंना सांगतात म्हणजे त्याला परत पहिल्यापासून सांगावं लागत नाही. "वेड" "मानसिक" असले शब्द न वापरता, त्याच्याच तक्रारीला धरून. हे डॉक्टरांकडून रोल-प्लेमध्ये तीन वेळा करून घ्या, पहिल्यांदा ते हमखास म्हणतात "यांना जरा टेन्शन आहे, बघा तुम्ही" आणि निघून जातात.

*तीन मिनिटांचा रिपोर्ट.* काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, मला तुमच्याकडून काय हवंय. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच राहून जातं. समुपदेशक लोकांना गोष्ट सांगायची सवय असते, बालपणापासून सुरू करतात, घड्याळ लावून सराव घ्या.

*दर आठवड्याची केस-चाळणी.* यावर जरा थांबते कारण अख्खी पद्धत इथे उभी राहते किंवा पडते. रजिस्टर म्हणजे एक यादी, साधी स्प्रेडशीट चालते: नाव किंवा नंबर, पहिला स्कोअर, आत्ताचा स्कोअर, शेवटचा संपर्क कधी, औषध आणि डोस, पुढे काय. चाळणीत जो सगळ्यात मनोरंजक आहे त्याच्यावर बोलायचं नाही, जो बरा होत नाहीये आणि जो गायब झालाय त्याच्यावर आधी बोलायचं. ध्येय ठरलेलं असतं, स्कोअर निम्मा किंवा ५ च्या खाली. दहा-बारा आठवड्यांत नीट सुधारणा दिसली नाही तर उपचार बदलायचा, "अजून थोडं बघू" म्हणायचं नाही. ट्रेनिंगमध्ये एक खोटं रजिस्टर तयार करा, पंधरा-वीस काल्पनिक पेशंट, त्यात मुद्दाम एक असा ठेवा ज्याचा स्कोअर छान आहे पण तो तीन महिन्यांपूर्वीचा, एक असा जो गोड बोलतो म्हणून सगळ्यांना आवडतो पण १८ वरून १७ वर आलाय, आणि एक ज्याचा नववा प्रश्न कोणी बघितलाच नाही. टीमला तासभर द्या आणि बघा त्यांना कोण सापडतं. मी जेव्हा जेव्हा हे करते तेव्हा गोड बोलणारा सुटतोच.

*नाही म्हणणं.* केअर मॅनेजरला वाटतंय पेशंट धोक्यात आहे, डॉक्टर म्हणतात काही नाही, घरी पाठवा. आता? टीमस्टेप्समध्ये यासाठी तीन पायऱ्यांची भाषा आहे: मला काळजी वाटतेय, मला हे बरोबर वाटत नाहीये, हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. आपल्या भाषेत म्हणवून घ्या: "सर, मला काळजी वाटतेय. मला असं सोडायला जीव होत नाहीये. हे आपण आत्ता थांबून बघायला हवं." आणि मग सीनियर डॉक्टरकडून पण सराव करून घ्या की असं ऐकल्यावर काय म्हणायचं. हा दुसरा अर्धा भाग केला नाही तर पहिल्याचा काही उपयोग नाही, ज्युनिअरला बोलायला शिकवून सीनियरला ऐकायला न शिकवणं म्हणजे तिला एकटीला पुढे ढकलून देणं आहे.

पायरी ७: येतं का ते बघा, विचारू नका

ट्रेनिंगच्या शेवटी "तुम्हाला किती आत्मविश्वास वाटतो" असा फॉर्म असतो आणि सगळे ५ पैकी ४ देतात. त्याला काही अर्थ नाही. मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगवर २००१ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात हेच दिसलं होतं, लोकांना वर्कशॉपनंतर आपण खूप सुधारलो असं वाटत होतं, त्यांच्या सेशनच्या टेप ऐकल्यावर फरक त्यामानाने थोडाच होता आणि समोरच्या माणसांच्या बोलण्यात तर बदल दिसलाच नाही.

त्यामुळे रोल-प्ले घ्या आणि कोणीतरी यादी हातात घेऊन बघा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने मिळून इक्विप नावाचं साधन मोफत ठेवलंय, त्यात रोल-प्ले बघून चार पातळ्यांवर मोजतात आणि सगळ्यात खालची पातळी म्हणजे हानिकारक वागणं. मला ही कल्पना फार आवडते कारण आपण नेहमी कोण चांगलं करतंय ते शोधतो, पण पेशंटला वाचवायचं असेल तर आधी कोण नुकसान करतंय ते दिसायला हवं: दोष देणं, मधेच तोडणं, खोटा दिलासा देणं, दुसऱ्याची गोष्ट सांगणं. असं दिसलं तर ओरडायचं नाही, पण पेशंट देण्याआधी तो भाग परत घ्यायचा, यावर तडजोड नको.

पेशंटचं काम करणाऱ्याला नाटक करायला लावू नका, साधी केस द्या आणि त्याला एकच गुप्त गोष्ट द्या जी नीट विचारलं तरच सांगायची. दहा मिनिटं रोल-प्ले, दहा मिनिटं बोलणं. आधी करणाऱ्याने स्वतः सांगायचं, मग पेशंट झालेल्याने, शेवटी बघणाऱ्यांनी, आणि प्रत्येकाने एकच सूचना द्यायची. सात सूचना दिल्या की माणसाला एकही आठवत नाही. आणि हो, सगळ्यांसमोर करायला लाज वाटते हे धरून चाला, म्हणून पहिला वाईट रोल-प्ले ट्रेनरने स्वतः करायचा, मी करते, लोक पोट धरून हसतात आणि मग खुलतात.

पायरी ८: सुपरव्हिजन, म्हणजेच खरं ट्रेनिंग

२००४ मध्ये मिलर या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग शिकणाऱ्या, व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या १४० व्यावसायिकांवर अभ्यास केला होता. नुसतं वर्कशॉप घेतलेल्यांचं शिकलेलं हळूहळू ओसरलं, ज्यांना नंतर आपल्या कामाच्या टेपवर फीडबॅक किंवा फोनवरून कोचिंग मिळालं त्यांचं टिकलं. म्हणजे तुमच्याकडे दहा दिवसांचं बजेट असेल तर दोन-तीन दिवस वर्कशॉपला द्या आणि बाकीचे तास सहा महिन्यांत पसरा.

कसं करायचं ते असं. पहिले तीन महिने दर आठवड्याला तासभर, चार-पाच जणांचा गट, प्रत्येक वेळी एकाने आपल्या खऱ्या सेशनचं रेकॉर्डिंग (पेशंटच्या लेखी परवानगीने) किंवा निदान त्यातली पाच मिनिटं जशीच्या तशी आठवून आणायची. नंतर पंधरा दिवसांनी एकदा. सुपरव्हायझर आणि बॉस शक्यतो वेगळे ठेवा, कारण ज्याच्या हातात तुमचं वार्षिक मूल्यमापन आहे त्याच्यासमोर कोण सांगणार की काल माझ्याकडून चूक झाली. नसतील वेगळे ठेवता येत तर निदान सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की इथे बोललेलं तिथे जाणार नाही, आणि तसं वागा. एकदा जरी गेलं की ते सुपरव्हिजन संपलं समजा, लोक येत राहतील पण फक्त चांगल्या केसेस घेऊन.

आणि सुपरव्हिजनचा तास कॅलेंडरवर पक्का करा. कामाचा ताण आला की पहिला कापला जातो तो हाच तास, तर वरिष्ठांकडून आधीच लिहून घ्या की या तासात पेशंट लावायचे नाहीत.

पायरी ९: धोक्याची ड्रिल

आगीची ड्रिल असते तशी. दर तीन महिन्यांनी, अगदी न सांगता नाही, साधारण दिवस सांगून, एक काल्पनिक पेशंट रिसेप्शनवर येतो आणि म्हणतो "मला आता सहन होत नाही." घड्याळ लावा. पहिला माणूस किती वेळात त्याच्याजवळ बसला, त्याला एकटं सोडलं का, सुरक्षा योजना कोणी लिहिली, घरच्या कोणाला कसं कळवलं, नोंद कुठे झाली. सुरक्षा योजनेचे सहा भाग सगळ्यांना यायला हवेत: धोक्याची चाहूल कशी लागते, स्वतः काय करू शकतो, मन दुसरीकडे रमवायला कुठे किंवा कोणाकडे जाऊ शकतो, मदत मागायची ती माणसं, कुठल्या तज्ज्ञांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घरातली जिवाला धोका असणारी साधनं लांब कशी करायची. ती पेशंटच्या शब्दांत लिहायची आणि कॉपी त्याच्याकडे द्यायची. "मी स्वतःला काही करणार नाही" असं सही करून घेणं म्हणजे सुरक्षा योजना नव्हे, त्यात फक्त आपल्याला बरं वाटतं.

खरंच एखादा पेशंट गेला तर टीमचं काय, हेही आधी ठरवा. त्या दिवशी कोणाची भेट रद्द करायची, कोण कोणाबरोबर बसणार, घरच्यांशी कोण बोलणार, आणि केसचा आढावा कधी घ्यायचा. आढावा काही दिवसांनी, आणि "कुठे फट राहिली" असा, "कोणामुळे" असा नाही.

पायरी १०: माणसं टिकवणं

ट्रेन केलेली माणसं वर्षभरात गेली की सगळं परत. थकण्यावर योगा सेशन ठेवून काही होत नाही जर यादीतले निम्मे पेशंट एकटीच्याच अंगावर असतील. यादीला कमाल मर्यादा घाला, आणि ती ठरवताना फक्त संख्या न बघता किती जण तीव्र आहेत ते बघा. जी चांगलं करते तिला पुढचा रस्ता दाखवा: आधी रोल-प्लेत पेशंट, मग निरीक्षक, मग सहट्रेनर, मग सुपरव्हायझर. आणि पहिल्या बॅचमधली दोन माणसं ट्रेनर म्हणून तयार झाल्याशिवाय बाहेरच्या ट्रेनरला सोडू नका.

मोजायचं काय

थोडंच मोजा. किती जणांचा स्कोअर घेतला यापेक्षा स्कोअर १० च्या वर आलेल्यांपैकी किती जणांशी पुढच्या दोन आठवड्यांत कोणी बोललं, किती जणांचा स्कोअर परत घेतला, किती जणांचा निम्मा झाला, नववा प्रश्न होकारार्थी आलेल्यांपैकी किती जणांशी त्याच दिवशी बोलणं झालं (हा आकडा १०० टक्क्यांच्या खाली चालत नाही), आणि किती सुपरव्हिजन रद्द झाली. शेवटचा आकडा बाकीच्यांच्या आधी बिघडतो, म्हणून मी आधी तोच विचारते.

वेळापत्रक, साधारण

पहिला महिना पेशंटच्या मागे चालणं आणि कामं वाटणं. दुसऱ्या महिन्यात एकत्र ट्रेनिंग दोन दिवस आणि ज्याच्या त्याच्या कामाचे छोटे तुकडे. तिसऱ्या महिन्यात एकाच डॉक्टरच्या पेशंटवर सुरुवात, फार तर दहा-पंधरा जण, आणि आठवड्याची चाळणी त्याच दिवसापासून, यादीत तीन नावं असली तरी. सहाव्या महिन्यापर्यंत बाकीचे डॉक्टर एकेक करून जोडा, जो सगळ्यात जास्त कुरकुर करतो त्याला शेवटी नाही, मध्ये घ्या, तोपर्यंत त्याला दाखवायला दोन बरे झालेले पेशंट असतात आणि त्याच्या शंका ऐकून सुधारायला वेळही असतो. नवीन माणूस मध्येच आला तर त्याच्यासाठी पुढच्या वर्कशॉपची वाट बघू नका, दोन आठवडे केअर मॅनेजरच्या बाजूला बसवा, एक चाळणी ऐकू द्या, दोन रोल-प्ले घ्या, आणि पहिले पाच पेशंट कोणाच्या तरी सोबतीने.